सिग्नलवरचा एक धक्का: क्लेम टाकायचा की खिशातून भागवायचं?

पावसाळ्यातली संध्याकाळ. सिग्नल पिवळा झाला, पुढची सेडान थांबली, मागच्या हॅचबॅकने ब्रेक दाबला. पण ओल्या रस्त्यावर ती वीतभर जास्त घसरली आणि सेडानच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला टेकली. वेग फार तर ताशी पंधरा-वीस किलोमीटर. कुणाला लागलं नाही. सेडानचा मागचा बंपर कोपऱ्यात दबला, पण टेललॅम्प शाबूत राहिला. हॅचबॅकचा पुढचा बंपर डाव्या चाकाच्या कमानीपाशी फाटला, डाव्या हेडलॅम्पचे दोन कान (तो गाडीला बसवायच्या पट्ट्या) तुटले, फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) तळहाताएवढा पोचा आला आणि फॉगलॅम्पभोवतीची चौकट निखळून रस्त्यावर पडली.

सेडानवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: "साहेब, आठ हजार द्या, विषय इथेच संपवू." अधिकृत वर्कशॉपमधल्या सल्लागाराचं म्हणणं त्याहून सरळ: "क्लेम टाका सर, सगळं नवीन बसवून देतो." दोघांनीही हिशोब मांडला नव्हता. तो इथे मांडला आहे. सुट्या भागांचे भाव आणि हप्त्याच्या रकमा नमुन्यादाखल आहेत, त्या जागी आपापल्या कागदावरचे आकडे घालायचे. घसाऱ्याचे (भाग जुना झाला म्हणून भरपाईतून होणारी कपात) आणि बोनसचे (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टक्के मात्र भारतातल्या मोटार पॉलिसीत चालतात तेच आहेत.

हॅचबॅकची माहिती: पेट्रोल, ११९७ सीसी, वय ३ वर्षे ४ महिने. पॅकेज पॉलिसी, म्हणजे तृतीय पक्षाचं (समोरच्याचं) आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान, दोन्ही एकाच कागदात. झिरो डेप (घसारा न कापण्यासाठी घेतात ते जादा संरक्षण) नाही, बोनस वाचवणारं ॲड-ऑन (असंच जादा संरक्षण) नाही, ऐच्छिक डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची, आपणहून स्वीकारलेली रक्कम) नाही. आजवर एकही क्लेम नाही, म्हणून चालू वर्षी ३५ टक्के नो क्लेम बोनस. नूतनीकरणाला आठ महिने बाकी.

पैशांच्या आधी

कुणालाही इजा झाली असती, तर पुढचा सगळा हिशोब गैरलागू ठरला असता. तेव्हा आपसात मिटवणं हा पर्यायच नसतो. जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. मागून धक्का बसलेल्या माणसाची मान बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी आखडते, तेव्हा "मला काही झालं नाही" हे रस्त्यावरचं वाक्य शेवटचं धरू नये.

इजा नसली तरी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ विसरून चालत नाही. ते फक्त जखमी माणसांपुरतं आहे असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. पोलिसांनी मागितलेली माहिती द्यायची, जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ आणि जागा, कुणी जखमी असल्यास त्याचा तपशील, चालकाचं नाव आणि परवान्याचा तपशील. पॉलिसीच्या अटींतली पहिलीच अट अपघाताची लेखी सूचना ताबडतोब द्या असं सांगते.

इथे बहुतेकांची गल्लत होते. कळवणं आणि क्लेम मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस सहसा थेट क्लेम क्रमांकच तयार करतो, कारण त्याच्या स्क्रीनवर दुसरा रकाना नसतो. त्यापेक्षा ईमेल बरा. त्यात वरचा तपशील लिहायचा आणि शेवटी एक वाक्य घालायचं: "सदर माहिती सूचनेदाखल देत आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा तूर्त करत नाही." त्याने कायद्याची गरज भागते आणि दार उघडं राहतं. चार दिवसांनी बंपरमागे मोठं नुकसान सापडलं तर "कळवलं का नाही?" हा प्रश्न येत नाही. केवळ उशीर झाला म्हणून खरे क्लेम यांत्रिकपणे नाकारू नका, असं विमा नियामकाने कंपन्यांना २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलेलं आहे. पण तो आधार वादात वापरायचा, बेफिकिरीसाठी नाही.

फोटो जागेवरच घ्यायचे. दोन्ही गाड्या एकत्र आणि नंबर दिसतील असे दोन, प्रत्येक नुकसानीचा एक जवळून आणि एक चार पावलांवरून, रस्त्याची ओल, सिग्नल, आणि समोरच्या गाडीचं जिथे काहीच झालेलं नाही ती बाजूसुद्धा. हा शेवटचा फोटो कुणी काढत नाही. पुढे यादीत नवा पोचा वाढला की त्याचीच आठवण होते.

आठ हजारांची मागणी

इथे चूक मागून धडकणाऱ्याची, यावर वाद नव्हता. मग समोरच्याचं नुकसान आपल्या विम्यातून का जात नाही? तृतीय पक्षाच्या मालमत्तेसाठी खासगी गाडीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण ते मिळवण्याचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. आठ हजारांच्या बंपरसाठी वकील लावून तिथे कुणी जात नाही. मग समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात: स्वतःच्या कंपनीकडे स्वतःचा क्लेम टाकून स्वतःचा बोनस घालवायचा, नाहीतर धडकणाऱ्याकडून पैसे घ्यायचे. त्याने रोख मागणं यात गैर काही नाही, तो त्याचा हिशोब करतो आहे.

अडचण पॉलिसीच्या दुसऱ्या अटीत आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, देण्याचं वचनही देऊ नये, असं ती म्हणते. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की समोरच्याला दिलेले पैसे नंतर कंपनीकडून मागता येत नाहीत. आणि प्रकरण उद्या न्यायाधिकरणात गेलंच, तर आपण दिलेली कबुली कंपनी आपल्यावरच उलटवू शकते. म्हणून "माझीच चूक, सगळं भरून देतो" असं लिहून द्यायचं नाही.

या प्रकरणात पैसे द्यायचं ठरलं, पण रस्त्यावर नाही. सेडान तिच्या मालकांच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेली, लेखी एस्टिमेट आलं: बंपरचा कोपरा गरम करून बाहेर काढणे आणि रंग, ५,४००. ही रक्कम थेट गॅरेजला यूपीआयने दिली आणि एका कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. तारीख, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, कुणालाही इजा नाही, अमुक नुकसानीपोटी अमुक रक्कम पूर्ण आणि अंतिम मिळाली, याबाबत आणखी मागणी नाही. चूक कुणाची हे त्यात लिहिलं नाही. असा कागद म्हणजे कवच नव्हे. पण महिन्याभराने टेललॅम्पही फुटला होता असा फोन आला, तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

हे ५,४०० पुढच्या तुलनेत धरायचे नाहीत. स्वतःच्या गाडीचा क्लेम टाकला काय, न टाकला काय, ते जाणारच होते. मात्र क्लेम टाकला तर फॉर्ममध्ये तृतीय पक्षाच्या नुकसानीचा रकाना असतो आणि तिथे खरं तेच लिहावं लागतं.

बंपर उतरवल्याशिवाय निर्णय नाही

बाहेरून दिसतं ते प्लास्टिकचं कातडं. त्याच्या आत फोम किंवा प्लास्टिकचा शोषक, त्यामागे धातूची आडवी पट्टी, तिच्यामागे एसीचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर. बंपर दाबला जाऊन परत जागेवर येतो. त्याने मागे ढकललेला कंडेन्सर येत नाही. म्हणून वर्कशॉपने बाहेरून बघून दिलेल्या एस्टिमेटवर क्लेमचा निर्णय घेणं म्हणजे अर्ध्या कागदावर सही करणं.

सांगायचं ते इतकंच: बंपर उतरवा, काही बदलू नका, दुरुस्त करू नका, उतरवलेल्या अवस्थेत फोटो द्या. क्लेमची शक्यता जिवंत असेपर्यंत सर्व्हेअरने (कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी काम सुरू करायचं नाही. एकदा फेंडर ठोकून सरळ केला की सर्व्हेअरला पाहायला उरतं काय? बंपर उतरवल्यावर चार गोष्टी बघायच्या: आडवी पट्टी वाकली का, हेडलॅम्प ज्या पॅनेलवर बसतो ते सरकलं का (बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, यावरून कळतं), कंडेन्सरच्या जाळीवर तेलकट डाग आहे का, आणि कूलंटची पातळी उतरली का.

गळती असताना गाडी चालवत नेली आणि इंजिन तापून हेडला बाक आला, तर तो भाग कंपनी देत नाही. अपघाताचं नुकसान वेगळं आणि अपघातानंतर हयगयीने झालेलं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला पॉलिसीत जागा नाही. कूलंट टपकत असेल तर टोइंग.

आपल्या हॅचबॅकची आतली हाडं शाबूत निघाली.

वर्कशॉपचं एस्टिमेट आणि कंपनी त्यातलं किती देते

करांसह यादी अशी:

बंपर ३,२००
डावा हेडलॅम्प, पूर्ण ५,८००
फॉगलॅम्पची चौकट आणि बंपरचा ब्रॅकेट ८००
डावा फेंडर, नवा २,६००
क्लिपा, स्क्रू २००
काढ-घाल मजुरी २,७००
बंपर आणि फेंडरचा रंग ५,८००
एकूण २१,१००

आता घसारा. झिरो डेप नसलेल्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के कापतात, गाडी कितीही नवी असो. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात. मजुरीवर घसारा नाही.

हेडलॅम्पची "काच" हल्ली काच नसते, पॉलिकार्बोनेट असते. त्यामुळे शून्य घसारा मिळेल या आशेवर राहू नये, तो प्लास्टिकमध्येच जातो.

बंपर, हेडलॅम्प, चौकट, ब्रॅकेट मिळून ९,८००. निम्मे गेले, ४,९००. फेंडरचे २५ टक्के, ६५०. रंगातला माल १,४५०, त्याचे निम्मे ७२५. क्लिपा कन्झ्युमेबल्समध्ये (किरकोळ खर्ची पडणारा माल, त्याचे पैसे कंपनी देत नाही), पूर्ण २०० गेले. शेवटी सक्तीचं डिडक्टिबल: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. आपले १,०००. एकूण कपात ७,४७५. कंपनी देणार १३,६२५.

सर्व्हेअर फेंडर नवा मंजूर न करता "दुरुस्त करा" म्हणेल ही शक्यता दाट आहे, कारण तळहाताएवढा पोचा हाताने निघतो. बदललेल्या भागांच्या भंगाराचे थोडे पैसेही कापले जाऊ शकतात. पण हिशोब मालकाच्या बाजूने झुकलेला ठेवू आणि १३,६२५ च धरू.

बोनस एका वर्षाचा जात नाही

"एकदाच तर बोनस जाईल" हे वाक्य अनेकांना महागात पडतं. बोनसची शिडी अशी आहे: एक वर्ष विनाक्लेम २० टक्के, दोन वर्षं २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५, पाच वर्षं ५०. क्लेम झाला की पायरी एक उतरत नाही, थेट जमिनीवर. तिथून पुन्हा ५० ला पोचेपर्यंत दर वर्षी फरक भरत राहायचा. क्लेम दोन हजारांचा असो की दोन लाखांचा, घसरण तेवढीच.

बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओडी हप्त्यावर असतो. तृतीय पक्षाचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो (१ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये) आणि त्यावर या निर्णयाचा काही परिणाम नाही. म्हणून एकूण हप्त्यावर टक्के लावून घाबरायचं नाही. पॉलिसीच्या कागदावर "ओन डॅमेज" खाली बोनस वजा होण्याआधीची रक्कम शोधायची.

समजा पुढच्या नूतनीकरणाला ती ८,००० आहे आणि गाडीची किंमत उतरत जाईल तशी पुढे ७,४००, ६,९००, ६,४००, ६,००० अशी कमी होते.

पहिलं वर्ष: क्लेम नसता तर ४५ टक्के बोनस, हप्ता ४,४००. क्लेम केल्यास पूर्ण ८,०००. फरक ३,६००.
दुसरं: ५० टक्क्यांनी ३,७००, २० टक्क्यांनी ५,९२०. फरक २,२२०.
तिसरं: ३,४५० आणि ५,१७५. फरक १,७२५.
चौथं: ३,२०० आणि ४,१६०. फरक ९६०.
पाचवं: ३,००० आणि ३,३००. फरक ३००.

बेरीज ८,८०५. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १०,३९० रुपये. ही त्या क्लेमची न दिसणारी किंमत.

हा आकडा एका गृहीतकावर उभा आहे: पुढची पाच वर्षं दुसरा क्लेम नाही. रोज गर्दीत चालणाऱ्या, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं तसं होईलच असं नाही. समजा आणखी दोन नूतनीकरणांनंतर मोठा अपघात होऊन क्लेम टाकावाच लागला, तर बोनस तेव्हा तसाही शून्यावर आला असता. मग आजच्या क्लेमची किंमत पहिल्या दोन वर्षांच्या फरकापुरती, जीएसटीसह ६,८६८. म्हणून १०,३९० ही कमाल मानावी, किमान नाही. उलट बाजूनेही एक गोष्ट आहे. ओडी हप्त्याचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोडलेले आहेत. क्लेम झालेल्या ग्राहकाला मूळ हप्त्यातली सूट कमी देण्याची कंपनीला मुभा असते, आणि ते बोनसच्या तक्त्यात दिसत नाही.

तुलना कशाशी

वर्कशॉपच्या सल्लागाराची तुलना अशी असते: क्लेम न करता २१,१००, क्लेम करून ७,४७५. यात बोनस मिळवला की क्लेमची खरी किंमत ७,४७५ अधिक १०,३९०, म्हणजे १७,८६५. तरीही २१,१०० पेक्षा कमीच. मग टाकावा क्लेम?

नाही. क्लेम न करता ती गाडी कोण २१,१०० रुपयांत दुरुस्त करून घेईल? एस्टिमेट विम्याच्या पैशाने काम होणार हे धरून लिहिलेलं असतं. खिशातून पैसे द्यायचे असतील तर काम वेगळं असतं. क्लेमची तुलना एस्टिमेटशी करायची नसते, आपण स्वतःच्या पैशाने खरोखर जी दुरुस्ती करू तिच्याशी करायची असते. छोट्या अपघातांतले चुकलेले निर्णय बहुतांशी इथेच चुकतात.

बाहेरच्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे काम असं लागतं: बंपरला प्लास्टिक वेल्डिंग १,०००, फेंडरचा पोचा काढणे १,२००, हेडलॅम्पचे कान जोडणे ८००, चौकट आणि ब्रॅकेट नवे ८००, क्लिपा २००, काढ-घाल १,०००, दोन भागांचा रंग ५,०००. एकूण १०,०००.

यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही हे माहीत असलं पाहिजे. फेंडर हा बोल्टने बसवलेला पत्रा आहे, गाडीच्या सांगाड्याचा भाग नाही. तो ठोकून सरळ केल्याने सुरक्षिततेत उणं येत नाही. फक्त पोचा बाहेर न काढता वरून जाड लांबी (पुट्टी) भरून दिली, तर दोन पावसाळ्यांत तडा जातो. म्हणून लांबी भरण्याआधी फोटो मागायचा. हेडलॅम्पचे कान जोडता येतात, अट एकच: पुढचं आवरण आणि मागची पेटी कुठेही तडकलेली नको. केसाएवढी भेग असली तरी आत वाफ धरते, परावर्तक काळा पडतो आणि सहा महिन्यांत नवा दिवा घ्यावा लागतो. स्वस्तातला नकली दिवा घेऊ नये, त्याचा प्रकाशझोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपला रस्ता अंधारात राहतो.

बंपरचं वेल्डिंग मधल्या सपाट भागात वर्षानुवर्षं टिकतं. कडेला, जिथे तो चाकाच्या कमानीपाशी स्क्रूने आणि ब्रॅकेटने ताणून धरलेला असतो, तिथे नाही. पहिल्या उंच गतिरोधकाला तो जोड पुन्हा उघडतो. आपला बंपर नेमका तिथेच फाटलेला. म्हणून वेल्डिंग सोडून नवा कंपनीचा बंपर, ३,२००. बाकी सगळं दुरुस्त. एकूण १२,२००.

रंगाबद्दल एकच. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर फेंडरचा नवा रंग दरवाजाशी जुळवण्यासाठी दरवाजाच्या कडेपर्यंत हलका फवारा घ्यावा लागतो. तो घेणार का, हे आधी विचारायचं. विमा कंपनी नुकसान न झालेल्या दरवाजाचे पैसे देत नाही, त्यामुळे क्लेममधल्या कामातही हा फरक उरतोच.

१२,२०० विरुद्ध १७,८६५. क्लेम टाकला नाही.

आकडे कधी उलटतात

याच अपघातात पॉलिसीला झिरो डेप असतं, तर कपात फक्त १,००० डिडक्टिबल आणि २०० क्लिपांची. क्लेमची किंमत १,२०० अधिक १०,३९०, म्हणजे ११,५९०, आणि त्यात हेडलॅम्प व फेंडर दोन्ही नवे. १२,२०० च्या दुरुस्तीपेक्षा ते सरसच. फक्त झिरो डेपचे क्लेम बऱ्याच पॉलिसींत वर्षाला दोनच चालतात, ते मोजून वापरायचे. बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल तर १०,३९० ची ओळच पुसली जाते आणि विचार करण्यासारखं फार उरत नाही. त्यातही किती क्लेम चालतात आणि कंपनी बदलली तर ते संरक्षण टिकतं का, हे कागदावर पाहायचं.

उलट, हप्ता कमी करायला ५,००० चं ऐच्छिक डिडक्टिबल घेतलेलं असतं, तर ते सक्तीच्या हजारावर आणखी कापलं जातं. कंपनी १३,६२५ ऐवजी ८,६२५ देणार, म्हणजे बोनसच्या तोट्याहून कमी. तिथे प्रश्नच मिटतो.

बंपरमागे कंडेन्सर वाकलेला निघाला असता तर? समजा कंडेन्सर ७,५०० आणि गॅस भरणं १,८००. कंडेन्सर धातूचा, २५ टक्के घसारा, १,८७५. गॅस कन्झ्युमेबल्समध्ये, पूर्ण गेला. खिशातले ११,१५० अधिक बोनस १०,३९०, म्हणजे २१,५४०. बाहेरचं काम १२,२०० अधिक ९,३००, म्हणजे २१,५००. चाळीस रुपयांचा फरक. अशा बरोबरीत आम्ही क्लेमकडे झुकू, कारण दिसलेल्या नुकसानीबरोबर काम चालू असताना सापडलेलं नुकसानही सर्व्हेअरला दाखवून पुरवणी एस्टिमेटमध्ये घेता येतं. खिशातून करताना ती जोखीम आपली असते. शिवाय १०,३९० ही कमाल रक्कम होती, हे आठवावं.

एकच परिस्थिती या झुकावाच्या विरुद्ध जाते: वर्षभरात नवी गाडी घ्यायची असेल तर. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकून कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेतलं की ते तीन वर्षं चालतं आणि त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या ओडी हप्त्याला लागतं. नव्या गाडीचा मूळ ओडी हप्ता समजा २२,००० असेल, तर ४५ टक्के म्हणजे ९,९००, जीएसटीसह ११,६८२, आणि तेही पहिल्याच वर्षी. बारा हजारांच्या बंपरसाठी हे कुणी घालवू नये.

चालू पॉलिसी वर्षात आधीच एक क्लेम झालेला असेल तर चित्र पुन्हा पालटतं. बोनस एकदा गेला की त्याच वर्षी दुसऱ्यांदा जात नाही; दुसऱ्या क्लेमला फक्त डिडक्टिबल आणि घसारा. पण दोन वेगळ्या दिवशीचे पोचे एकाच अपघाताच्या नावाखाली घालायचे नाहीत. "मागचा ओरखडाही यातच घेऊन टाकू" ही सूचना वर्कशॉपमधून येते तेव्हा ती नम्रपणे नाकारावी. जुन्या ओरखड्यात गंज आणि मळ बसलेला असतो, धक्क्याची दिशा जुळत नाही, आणि सर्व्हेअर हे रोज बघतो. खोटं निघालं तर त्या ओरखड्याबरोबर अख्खा क्लेम बुडतो.

तसंच क्लेम करून पुढच्या वर्षी कंपनी बदलली की कुणाला कळणार, हाही भ्रम. बोनस मागताना मालकाने सही केलेलं घोषणापत्र असतं, नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खात्री करते, आणि घोषणा खोटी निघाल्यास ओडी भागाचे सगळे लाभ रद्द होतात. ते कळतं तेही बहुधा पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळी.

नंतरचे आठ महिने

गाडी तीन दिवसांत मिळाली. ताब्यात घेताना रात्री भिंतीसमोर दोन्ही हेडलॅम्पचे झोत एका उंचीवर आहेत का ते पाहिलं. डावा चार बोटं खाली होता, तो जागेवरच स्क्रूने जुळवून घेतला. बिल, उतरवलेल्या बंपरचे फोटो, समोरच्याशी झालेला कागद आणि विमा कंपनीला केलेला ईमेल एकत्र ठेवला.

एक काम नूतनीकरणाच्या महिनाभर आधी करायचं असतं. सूचनेच्या ईमेलवरून कंपनीच्या यंत्रणेत क्लेम क्रमांक पडून तो उघडा राहिला असेल, तर नूतनीकरणाच्या कोटेशनमध्ये बोनस शून्य येतो, कारण नियम "क्लेम केलेला किंवा प्रलंबित" असा आहे. रुपया न घेताही बोनस जाण्याचा हा एक प्रकार. या प्रकरणात तसंच झालं होतं: ईमेलला आलेल्या उत्तरातच एक क्रमांक होता. त्यावर लेखी मागणी करून "दावा मागे घेतला, देय रक्कम शून्य" असं बंद केल्याचं पत्र मागवलं, ते यायला बारा दिवस लागले. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर जमलेला बोनस आपोआप जातो, म्हणून हे बारा दिवस हाताशी असलेले बरे. दुरुस्त कोटेशन आलं त्यात ओडीखाली ८,००० आणि त्यातून ४५ टक्के वजा होते.